मुरमावरची सायकल

दूधवाल्याची काळी, दांडीची सायकल आठवा. दोन्ही बाजूंना किटल्या, मागं कॅरिअर, खडखडणारं चेनकव्हर. तिचा टायर २८ × १½ इंची, म्हणजे रुंदी साधारण ४० मिलिमीटर. अमेरिका-युरोपात गेल्या काही वर्षांत ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाचा जो प्रकार गाजतो आहे आणि ज्याच्यासाठी आपल्याकडचे हौशी सायकलवाले लाखाच्या पुढं पैसे मोजतात, त्याच्या टायरची रुंदीही ३८ ते ५० मिलिमीटरच्या घरातलीच असते. वजन, गिअर, ब्रेक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे खरं. पण दोन्ही सायकली ज्या रस्त्यासाठी घडल्या तो रस्ता एकच आहे. डांबर नसलेला, बैलगाडी जाईल इतपत रुंद, मुरूम किंवा खडी टाकून सोडून दिलेला. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला, गोदावरीच्या अंगानं, असले रस्ते गावागणिक आहेत. फ्रान्समधल्या नदीकाठच्या सायकलवाटांची चित्रं पाहून हळहळणाऱ्यांनी आधी पैठण तालुका पाहावा, असं माझं मत आहे.

या खेळाचं आजचं रूप अमेरिकेतलं. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ साली ३४ जणांनी कच्च्या रस्त्यांवरून २०० मैलांची शर्यत लावली. तिथल्या टेकड्यांत चकमकीचे दगड इतके, की टायर चिरफाळून निघत. पुढं ती शर्यत जगभर नावारूपाला आली आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघानं इटलीत ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरवली. मुळाशी गेलं तर मात्र फ्रान्सच गाठावं लागतं. सँ-एतिएन शहरातला पॉल द विवी हा गृहस्थ ‘वेलोसिओ’ या टोपणनावानं लिहायचा. १८८७ मध्ये त्यानं सायकलींचं मासिक काढलं आणि रुंद टायर व बदलते गिअर यांचा पुढं आयुष्यभर कैवार घेतला. त्या काळी फ्रान्समधले सगळेच रस्ते कच्चे होते, त्यामुळे त्याचं म्हणणं अनुभवाचं होतं. शर्यतवाल्यांना ते पटायला वेळ लागला. ‘टूर द फ्रान्स’मध्ये गिअर बदलण्याच्या यंत्राला १९३७ पर्यंत मज्जावच होता. डांबर आलं तसे टायर अरुंद होत गेले, आणि आता शंभर वर्षांनी सायकलवाले पुन्हा वेलोसिओच्या दाराशी आले आहेत.

रुंद टायर कच्च्या रस्त्यावर बरा का पडतो, याचं गणित सोपं आहे. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन धरू. शर्यतीच्या अरुंद टायरमध्ये ९० पीएसआय हवा भरतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ६.३ किलोचा दाब. एवढ्या दाबाला ९० किलो तोलायला दोन्ही चाकांचे मिळून जेमतेम १४ चौरस सेंटिमीटर जमिनीला टेकलेले पुरतात. रुंद टायरमध्ये ३५ पीएसआय भरली, तर तेच वजन ३६-३७ चौरस सेंटिमीटरवर पसरतं. मऊ मुरमात चाक कमी रुततं. शिवाय कडक टायर प्रत्येक खड्यावर उसळतो, आणि सायकलसकट माणूस वर उचलला जाताना पायडलवर लावलेला जोर फुकट जातो. मऊ टायर खडा पोटात घेतो आणि पुढं सरकतो. गुळगुळीत डांबरावर जास्त हवा फायद्याची वाटते; खडबडीत वाटेवर तीच हवा कंबर मोडते. माझ्या ओळखीतले बरेच जण महागडी सायकल घेऊन तिच्यात ट्रकसारखी हवा ठोकतात आणि नंतर रस्त्याला नावं ठेवतात.

आपल्याकडं आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, ती जमिनीची. मराठवाड्याचा हा भाग म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर चढले आणि बेसाल्टचं पठार झालं. हा काळा दगड ऊन-पावसानं कुजत, भुगा होत गेला की आधी त्याचा मुरूम होतो आणि पुढं मुरमाची काळी माती. दोन्ही एकाच दगडाची लेकरं, पण सायकलीखाली त्यांचा स्वभाव अगदी उलटा. काळ्या मातीतल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांचे असतात आणि त्या पापुद्र्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरतं. पावसात ही जमीन फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. कपाशीला हे वरदान आहे, कारण ओल टिकते. सायकलीला मात्र एक चांगली सर पुरते. माती टायरला लपेटत जाते, फोर्कमध्ये ठासून बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. मग सायकल खांद्यावर. मुरमाचं तसं नाही. त्याच्या जाड कणांमधून पाणी निथळून जातं आणि त्यातली थोडी माती कणांना धरून ठेवते. पाणी मारून रोलर फिरवला की तो घट्ट बसतो. बांधकाम खात्याच्या मातीकाम, खडीकरण, डांबरीकरण या तीन पायऱ्यांपैकी आपले कितीतरी गावरस्ते पहिल्या दोन पायऱ्यांच्या मध्ये वर्षानुवर्षं मुक्कामाला असतात. गावकऱ्यांच्या दृष्टीनं ती फसवणूकच. सायकलवाल्याला मात्र त्याच अवस्थेत मजा येते, आणि ही विसंगती विसरून या रस्त्यांच्या प्रेमात पडणं बरं नव्हे.

म्हणून इथला हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. परतीचा पाऊस सरलेला, वाटा वाळलेल्या, धूळ अजून उडू न लागलेली. फेब्रुवारी संपेपर्यंत हे दिवस टिकतात. पुढं ऊन चढतं आणि दुसरा शत्रू जागा होतो, तो म्हणजे काटा. वेड्या बाभळीची वाळकी काटकी आणि जमिनीलगत पसरणारे सराटे यांच्यापुढं साधी ट्यूब टिकत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये चीक भरून ठेवला तर लहान भोक आपोआप बुजतं. ते नसेल तर पंक्चरचं सामान आणि सबुरी, दोन्ही बरोबर ठेवावीत.

आता वाट. संभाजीनगरहून पैठण पन्नासेक किलोमीटर. चितेगाव, बिडकीन, ढोरकीन असा हा रस्ता उद्योगांच्या वाहतुकीनं गजबजलेला आहे. त्यावर सायकल चालवण्यात शौर्य असेल, सुख नाही. सायकल गाडीवर टाकून पैठण गाठावं आणि नागघाटावरून सुरुवात करावी. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले ते याच घाटावर, असं परंपरा सांगते. एकनाथांचा वाडा आणि नदीकाठची समाधी जवळच. नाथांनी १५९९ मध्ये याच गोदावरीत देह ठेवला.

पैठण म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक दर्यावर्दीनं व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत पैठणचा उल्लेख आहे. भडोच बंदराच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या अंतरावर हे शहर आहे, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे आजचं तेर. आणि या शहरांतला माल गाड्यांत घालून, धड रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून भडोचला उतरवला जातो, असं तो सांगतो. पैठणहून काय जात असे? मुख्यतः रंगीत पट्ट्यांचे मौल्यवान खडे, अकीकाच्या जातीचे. आपल्या मुलखातल्या कच्च्या रस्त्याची लिखित नोंद दोन हजार वर्षं जुनी आहे आणि त्यावरून जाणारा मालही दगडच होता.

हे दगड आले कुठून, तर चाकाखालच्याच खडकातून. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढं खडकातून झिरपणाऱ्या पाण्यानं त्या पोकळ्यांत सिलिका आणून भरली आणि थरावर थर साचून अकीक, गारगोट्या, स्फटिक तयार झाले. बेसाल्टचा मुरूम होतो तेव्हा हे कठीण खडे मात्र कुजत नाहीत. ते सुटे होतात, ओढ्यात येतात, नदीत घासून गोल होतात. पैठण परिसरात मुरमाच्या वाटेवर सायकल थांबवून खाली पाहिलं तर दुधी, मधाळ, कधी लालसर असे तुकडे चमकताना दिसतात. कॅन्ससमध्ये टायर फाडणारी चकमक आणि पैठणचा अकीक, रसायनाच्या हिशेबानं दोघंही सिलिकाच.

माणसानं या खड्यांचा उपयोग व्यापाराच्या कितीतरी आधी शोधला होता. पैठणच्या खालच्या अंगाला, नदीच्या पलीकडं शेवगाव तालुक्यात मुंगी नावाचं गाव आहे. तिथं गोदावरीच्या जुन्या गोट्यांच्या थरात प्राचीन प्राण्यांची हाडं आणि अकीकाचं दगडी पातं एकोणिसाव्या शतकातच सापडलं. पुढं १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी प्रवरेकाठी नेवाशाला उत्खनन केलं. नदीनं साठवलेल्या आणि चुन्यानं सांधल्या गेलेल्या गोट्यांच्या थरांत त्यांना मधल्या अश्मयुगाची हत्यारं मिळाली. त्या हत्यारांच्या परंपरेला अभ्यासकांनी ‘नेवासियन’ म्हटलं. ज्या गावी ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच गावाचं नाव अश्मयुगाच्या एका हत्यार-परंपरेलाही मिळालं. नेवाशाला पैस खांबापाशी भाविकांची रीघ असते. हा दुसरा मान तिथं येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

मुंगीचं नाव इतिहासात आणखी एका कारणानं येतं. १७२८ च्या फेब्रुवारीत वैजापूर तालुक्यातल्या पालखेडजवळ थोरल्या बाजीरावानं निजामाला कोंडीत धरलं. निजामाचा जड तोफखाना मागं राहिलेला, पाणी तोडलेलं. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. त्या मोहिमेतली मराठ्यांची घोडदौड याच नदीखोऱ्यातली. सडे घोडेस्वार कुठून सुटतात आणि तोफेचे गाडे कुठं रुततात, हे काळ्या रानातून सायकल ओढत नेलेल्या माणसाला नकाशाशिवाय कळतं.

पैठणहून डाव्या तीरानं पूर्वेला निघालं की आपेगाव लागतं. ज्ञानदेवादी भावंडांच्या घराण्याचं हे गाव. ज्ञानेश्वरांचा जन्म इथलाच मानतात. गावापर्यंत डांबरी सडक आहेच, पण मजा आहे ती आडव्या वाटांची. ऊस, कपाशी, तूर, मधूनच मोसंबीच्या बागा. पाचोडकडची मोसंबी प्रसिद्ध आहे. नदीकडं उतरणारी वाट बहुधा मोटारीच्या खोलीपाशी संपते, तेव्हा पुढं रस्ता आहे का, हे विचारूनच जावं. फोनवरच्या नकाशात रेघ दिसते. ती वाट असेल, ओढा असेल किंवा दोन शेतांमधला बांधही असेल. बांधावर बसलेल्या माणसाची माहिती जास्त ताजी. “तिकडून नका जाऊ दादा, उसाला पाणी दिलंय, फसताल,” असं एखाद्यानं सांगितलं तर ते ऐकावं. साखर कारखाने सुरू असताना दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावर समोरून येतात. तेव्हा मुकाट्यानं खाली उतरून उभं राहायचं. वाट त्यांच्या कामाची आहे, आपली हौसेची.

वरच्या अंगाचा पट्टा वेगळा. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि धरणाचं लोकार्पण इंदिरा गांधींनी २४ फेब्रुवारी १९७६ रोजी केलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे आणि मागं नाथसागर. धरण आधी बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचं ठरलं होतं. जागा बदलून पैठणला आली, नाव मात्र तेच राहिलं. जलाशय उथळ आणि पसरट आहे, सुमारे ३५० चौरस किलोमीटरचा. त्यात शंभरावर गावं गेली. २०१६ सारख्या कोरड्या सालात पाणी मृतसाठ्याखाली जातं तेव्हा जुन्या गावांचे चौथरे आणि वाटा उघड्या पडतात. पाणी ओसरेल तशी उघड्या पडणाऱ्या गाळात शेतकरी पेरा करतात, त्याला गाळपेर म्हणतात. त्या वाफ्यांतून सायकल घालणं म्हणजे कुणाच्या तरी हरभऱ्यावरून जाणं आहे. आणि १९८६ पासून हे पक्षी अभयारण्यही आहे. हिवाळ्यात रोहित आणि चक्रवाक येतात, तेव्हा काठाकाठानं आरडाओरडा करत जाणारी टोळी कुणालाच नको असते. धरणाच्या भिंतीवर तर सुरक्षेपायी प्रवेशच नाही.

जलाशयाच्या वरच्या टोकाला कायगाव आणि टोका. प्रवरा इथं गोदावरीला मिळते. शहरापासून हे ठिकाण पन्नास किलोमीटरच्या आतच, अहिल्यानगरच्या रस्त्यावर. टोक्याचं सिद्धेश्वर मंदिर पेशवाईतलं, काळ्या दगडाचं, बाहेरून कोरीव कामानं भरलेलं. खाली प्रशस्त घाट. महामार्गाच्या पुलावरून रोज हजारो गाड्या जातात आणि त्यांतल्या बहुतेकांना उजवी-डावीकडं काय आहे याचा पत्ता नसतो. फ्रान्समध्ये लुआर आणि व्हिएन या नद्यांच्या संगमावर काँद-सँ-मार्तँ नावाचं असंच गाव आहे. सन ३९७ मध्ये तिथं संत मार्तँ वारला आणि त्याच्या नावाचं जुनं चर्च संगमाच्या वर उभं आहे. त्या भागातून ‘लुआर आ वेलो’ ही सुमारे ९०० किलोमीटरची सायकलवाट जाते. आपल्या टोक्यात पाहण्यासारखं कमी नाही. पण लुआरकाठी वाटेच्या फाट्यावर दिशा दाखवणारी पाटी असते आणि पुढच्या गावात सायकल ठेवून झोपायची सोय असते; इथं या दोन्हींचा ठणठणाट आहे.

फ्रेंचांनी या वाटा मुद्दाम सायकलीसाठी बांधल्या, असंही नाही. पिएर-पॉल रिके यानं १६६६ ते १६८१ या काळात खोदवलेला दक्षिणेचा २४० किलोमीटरचा ‘कनाल द्यू मिदी’ घ्या. होड्या ओढणाऱ्या घोड्यांसाठी त्याच्या काठानं वाट ठेवलेली होती. विसाव्या शतकात मालाच्या होड्या बंद झाल्या, वाट उरली, तिच्यावर सायकली आल्या. गावागावांतले ‘शमँ रुराल’, म्हणजे आपल्या भाषेत शिवरस्ते, तिथं ग्रामपंचायतीच्या मालकीचे आणि सर्वांना खुले असतात. १९८३ च्या कायद्यानं जिल्हा पातळीवर अशा वाटांची यादी करायची व्यवस्था झाली. यादीतली वाट तोडायची तर पर्यायी वाट द्यावी लागते. त्या सुंदर छायाचित्रांच्या मागं हे रुक्ष दप्तर आहे.

आपल्याकडंही दप्तर आहे. गाव नकाशावर शिवरस्ते, गाडीरस्ते, पायवाटा दाखवलेल्या असतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, १९६६ च्या, कलम १४३ प्रमाणं बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तो मोकळा करून घेता येतो. तरी नांगर दरवर्षी वीतभर बाहेर येतो आणि वीस वर्षांत बैलगाडीच्या रस्त्याची पायवाट होते. पाणंदीचे खटले पिढ्यान्पिढ्या चालतात, भाऊबंदकीत डोकी फुटतात. २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. २०२५ मध्ये शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद असावेत आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरात घ्यावी, असं शासनानं ठरवलं. यातलं काहीही सायकलवाल्यांसाठी नाही. ऊस बाहेर काढण्यासाठी आहे, बाळंतिणीला दवाखान्यात नेण्यासाठी आहे. पण ज्या गावात पाणंद मोकळी झाली, त्या गावात सायकललाही वाट मिळते, आणि तीही नव्यानं एक रुपया न घालता.

राहिला कालवा. जायकवाडीचा डावा कालवा पैठणहून निघून परभणीकडं २०८ किलोमीटर जातो, उजवा १३२ किलोमीटर बीडच्या दिशेनं. कालव्याच्या भरावावर तपासणीच्या जीपसाठी मुरमाची वाट असते. चढ जवळजवळ नाही, कारण पाणी स्वतःच्या उतारानं जायला हवं. बाजूला झाडं आणि खाली हिरवं रान. ‘कनाल द्यू मिदी’च्या वाटेशी तुलना करण्याजोगी एखादी गोष्ट मराठवाड्यात असेल तर ती हीच. मात्र ही वाट जलसंपदा विभागाची आहे, तिच्यावर जायचं तर शाखा कार्यालयात विचारूनच. रब्बीची पाळी सुटलेली असेल तेव्हा कालवा काठोकाठ भरून वाहतो. त्याच्या बाजूंचं काँक्रीटचं अस्तर शेवाळानं निसरडं झालेलं असतं आणि घसरून आत गेलेल्याला धरायला काही नसतं. त्यामुळं ओळीनं, पाण्यापासून लांबच्या चाकोरीतून चालवायचं, आणि जिथं भराव खचलेला दिसेल तिथं उतरून सायकल हातानं न्यायची. विभागानं ठरवलं तर पैठणजवळच्या सुरक्षित तुकड्यावर सुट्टीच्या दिवशी उजेड असेपर्यंत सायकली सोडता येतील. त्यासाठी एक फाटक, एक पाटी आणि एक चौकीदार एवढंच लागेल.